इंग्लंडात घरच्या आजारी माणसाचं करताय? आधी वही काढा

इंग्लंडात सासूबाईंचं, वडिलांचं किंवा आजारी जोडीदाराचं करत असाल, तर तुमच्या भागातल्या कौन्सिलकडे (स्थानिक नगरपालिकेसारखी संस्था) ‘केअरर्स असेसमेंट’ मागा, म्हणजे काळजी घेणाऱ्या तुम्हाला काय मदत लागते याची पाहणी. 2014 च्या केअर अ‍ॅक्टनुसार तो तुमचा हक्क आहे, फुकट आहे. पेशंटने स्वतःचं असेसमेंट नाकारलं तरी तुमचं होतं.

आपली माणसं गडबडतात ती इथे. ‘जमतं हो, घरचंच तर आहे’ म्हणून मोकळी होतात, आणि कागदावर ‘मदतीची गरज नाही’ असंच उतरतं. त्यापेक्षा आधी आठवडाभर वहीत टिपून ठेवा: रात्री 2 वाजता बाथरूमला धरून नेलं, ओली चादर बदलली, ऑफिसात हाफ डे टाकला. सांगताना वाईट दिवस सांगा. तिथे शूरपणा दाखवून काही मिळत नाही. इंग्रजी अडत असेल तर दुभाषा मागा.

केअरर्स अलाउन्स, म्हणजे काळजी घेणाऱ्याला मिळणारा भत्ता, याचं काम मात्र वेगळं; त्याचा अर्ज डीडब्ल्यूपीकडे, म्हणजे भत्ते-पेन्शन बघणाऱ्या सरकारी खात्याकडे. आठवड्याला किमान 35 तास काळजी घेत असाल आणि पेशंटला अटेंडन्स अलाउन्ससारखा (काळजीची गरज असलेल्या वयस्करांसाठीचा) भत्ता मिळत असेल, तरच पुढे सरकतं; म्हणून आधी पेशंटच्या भत्त्याचा अर्ज भरा. व्हिसावर ‘नो रिकोर्स टू पब्लिक फंड्स’ (सरकारी भत्ते घेता येत नाहीत) असा शेरा असेल, तर कुठलाही भत्ता मागण्याआधी जाणकाराचा सल्ला घ्या.