व्याप्त प्रदेशाचा कारभार पाहिलेल्या सेनापतीची कारकीर्द कशी अभ्यासावी

जिंकलेल्या प्रदेशावर राज्य केलेल्या सेनापतीचा अभ्यास लढायांपासून सुरू करू नये. दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकेच्या ताब्यात आलेल्या जर्मनीतील विभागाचे लष्करी गव्हर्नर जनरल ल्युशियस क्ले यांचे उदाहरण घ्यावे. 1918 साली वेस्ट पॉइंट या अमेरिकी लष्करी अकादमीतून बाहेर पडलेल्या या अभियंत्याने रणांगणावर कधीही सैन्याचे नेतृत्व केले नव्हते. धरणे, विमानतळ आणि युद्धसामग्रीचा पुरवठा हेच त्यांचे क्षेत्र होते. माणूस कोणत्या कामाची सवय घेऊन सत्तेवर आला, हे आधी ठरवावे.

त्यानंतर त्याला मिळालेला लेखी आदेश शोधावा आणि त्याच्या शेजारी त्याची प्रत्यक्ष कृती तारीखवार मांडावी. माझ्या मते या कामाला सर्वांत जास्त वेळ द्यावा, कारण खरा माणूस आदेश आणि कृती यांच्यामधल्या अंतरात दिसतो. अमेरिकी संयुक्त सेनाप्रमुखांच्या 1945 च्या ‘जेसीएस 1067’ या आदेशाने रोगराई आणि अशांतता टाळण्यापुरती मदत वगळता जर्मनीची अर्थव्यवस्था सावरण्यास मनाई केली होती. परंतु 1946 च्या वसंतात अमेरिकी विभागातील शिधा दिवसाला सुमारे 1,275 कॅलरींवर आला, तेव्हा उपाशी लोकांना लोकशाही शिकवता येणार नाही, हे क्ले वॉशिंग्टनला पुन्हा पुन्हा कळवत राहिले. त्याच वर्षी मे महिन्यात त्यांनी आपल्या विभागातून नुकसानभरपाईपोटी कारखाने उचलून नेणे थांबवले. आदेश मात्र जुलै 1947 मध्ये बदलला. म्हणजे आदेशातील मोकळ्या जागांचा उपयोग करत त्यांनी वर्षभर आधीच वाट बदलायला घेतली होती.

नाकारल्या गेलेल्या प्रस्तावांचीही नोंद ठेवावी. 24 जून 1948 रोजी सोव्हिएत फौजांनी पश्चिम बर्लिनचे रस्ते व रेल्वेमार्ग बंद केले, तेव्हा सशस्त्र ताफा रस्त्यानेच पाठवावा, असे क्ले यांचे मत होते. वॉशिंग्टनने ते मानले नाही. हे ठाऊक नसेल, तर बर्लिनला विमानांनी केलेल्या ज्या पुरवठ्यासाठी त्यांचे नाव घेतले जाते, त्याचे श्रेय नीट वाटता येत नाही.

गैरसोयीची प्रकरणे गाळू नयेत. बुखेनवाल्ड छळछावणीच्या प्रमुखाची पत्नी इल्झे कोख हिची जन्मठेप क्ले यांनी पुराव्याअभावी चार वर्षांवर आणली, त्यावरून अमेरिकेत संताप उसळला आणि सिनेटच्या समितीने चौकशी केली. पुढे 1951 साली जर्मन न्यायालयाने तिला पुन्हा जन्मठेप दिली. येथे निर्णयाचा आधार आणि त्याचा परिणाम वेगवेगळे तपासावेत, कारण छावणीतून वाचलेल्यांच्या दुःखापुढे कायदेशीर युक्तिवाद अपुराच ठरतो.

अखेरीस, त्याने सत्ता कधी आणि कोणाला परत दिली, हे पाहावे. क्ले यांनी जानेवारी 1946 मध्येच लहान गावांत निवडणुका घेतल्या, आणि ही घाई होते आहे असे त्यांच्या काही सल्लागारांनाही वाटत होते. 12 मे 1949 रोजी नाकेबंदी उठली, त्याच दिवशी पश्चिम जर्मनीच्या मूलभूत कायद्याला, म्हणजे राज्यघटनेला, लष्करी गव्हर्नरांनी मान्यता दिली आणि तीन दिवसांनी क्ले यांनी पद सोडले. वेस्ट पॉइंट येथील त्यांच्या समाधीवर बर्लिनकरांनी लावलेली कृतज्ञतेची पाटी आहे. ती या सर्व नोंदी पूर्ण झाल्यावरच वाचावी.