युरोपला माल पाठवताय? करार वाचताना या चुका टाळा

27 जानेवारी 2026 ला दिल्लीत भारत आणि युरोपीय संघ यांच्यातल्या मुक्त व्यापार कराराच्या वाटाघाटी पूर्ण झाल्याचं जाहीर झालं. 2007 ला सुरू झालेली, 2013 ला अडकलेली आणि 2022 ला पुन्हा रुळावर आलेली ही बोलणी. अशी बातमी आली की सीएचएला, म्हणजे कस्टम्सचं काम करून देणाऱ्या एजंटला, पहिला फोन ठरलेला असतो: "साहेब, पुढच्या कंटेनरला ड्युटी शून्य ना?"

नाही. बहुतेक चुका इथूनच सुरू होतात. आपण कराराची बातमी वाचतो आणि माल अडतो तो भलत्याच कागदावर.

घोषणेला अंमल समजणं

युरोपीय संघात वाटाघाटी संपल्या की मसुद्याची कायदेशीर छाननी होते, 24 अधिकृत भाषांत भाषांतर होतं, मग सह्या, मग युरोपीय संसदेची संमती आणि सदस्य देशांच्या परिषदेचा अंतिम निर्णय. व्हिएतनामचं उदाहरण बघा. वाटाघाटी डिसेंबर 2015 मध्ये संपल्या. सह्या 30 जून 2019 ला हनोईत झाल्या. संसदेची संमती फेब्रुवारी 2020 मध्ये मिळाली आणि करार लागू झाला 1 ऑगस्ट 2020 ला. मधल्या काळात युरोपीय न्यायालयानं सिंगापूरच्या करारावर मत दिलं की गुंतवणुकीचा काही भाग सदस्य देशांनी स्वतंत्रपणे मंजूर करायला हवा. मग सिंगापूर आणि व्हिएतनाम, दोघांचेही करार दोन तुकड्यांत करावे लागले.

काही वेळा गाडी पोचतच नाही. चीनबरोबरचा गुंतवणूक करार 30 डिसेंबर 2020 ला तत्त्वतः ठरला. मार्च 2021 मध्ये शिनजियांगवरून दोन्ही बाजूंनी एकमेकांवर निर्बंध लावले, त्यात चीनच्या यादीत युरोपीय संसदेचे सदस्यही होते. मे महिन्यात त्याच संसदेनं करार बासनात बांधला.

म्हणून तीन तारखा वेगवेगळ्या विचारा: सही कधी, अंमल कधी, आणि माझ्या एचएस कोडची (मालाच्या जागतिक वर्गवारीतला आकडा) ड्युटी कुठल्या वर्षी किती उतरते. तिसरी तारीख परिशिष्टात असते आणि धंद्याला कामाची तीच. तोवर बायर "आता ड्युटी वाचणार, भाव उतरवा" म्हणाला तर मान डोलावू नका. ड्युटी तो भरतो, वाचली तर आधी त्याचीच वाचते. त्यातला वाटा मागायचा तो तुम्ही.

युरोप म्हणजे एकच गठ्ठा मानणं

1 ऑक्टोबर 2025 पासून लागू असलेला भारताचा करार स्वित्झर्लंड, नॉर्वे, आइसलँड आणि लिश्टेनस्टाइन या चार देशांशी आहे. यातला एकही युरोपीय संघात नाही. ब्रिटनबरोबरच्या करारावर 24 जुलै 2025 ला सह्या झाल्या, तोही वेगळा. स्विस बायरसाठी केलेला उगमाचा दाखला (माल कुठल्या देशाचा, हे सांगणारा) जर्मनीत चालत नाही. आणि स्वित्झर्लंडमधल्या बाझलला जाणारा माल रॉटरडॅमला उतरून तिथेच कस्टम्समधून सोडवला, तर ड्युटी युरोपीय संघाची लागते. तो तिथे न सोडवता ट्रान्झिटमध्ये पुढे न्यायचा हे बायरच्या एजंटला आधी लिहून कळवा.

उलट बाजूनं, संघातल्या 27 देशांची ड्युटी एकच असते. "हॅम्बर्गपेक्षा अँटवर्पला ड्युटी कमी" ही निव्वळ अफवा आहे. व्हॅट मात्र देशागणिक बदलतो.

जाता जाता असेमबद्दल. 1996 ला बँकॉकमध्ये सुरू झालेलं आशिया-युरोपचं हे व्यासपीठ आज 51 देश, युरोपीय संघ आणि आसियान सचिवालय असं मोठं कुटुंब आहे. तिथे ओळखी होतात, सूर जुळतात, पण ड्युटीचा आकडा ठरत नाही. त्याच्या जाहीरनाम्यावरून ऑर्डरचं गणित मांडू नका.

उगमाचा कागद शेवटच्या दिवशी काढणं

"माल भारतातून गेला म्हणजे भारतीय" हे कस्टम्सला पटत नाही. मुळात सवलतीची गरज आहे का, हेच बरेच जण तपासत नाहीत. काजूगर घ्या. चंदगड, सिंधुदुर्ग, गोव्यातले कारखाने आफ्रिकेतून आणलेली कच्ची बीही फोडतात. युरोपच्या जीएसपी सवलतीत (विकसनशील देशांच्या मालाला युरोप देतो ती ड्युटीतली सूट) एचएसच्या या प्रकरणातली फळं आणि कवचफळं पूर्णपणे त्याच देशात पिकलेली लागतात, त्यामुळे आफ्रिकन बीचा गर भारतीय ठरत नाही. पण काजूगरावर युरोपात सर्वांसाठीच ड्युटी शून्य आहे! म्हणजे ज्या दाखल्यासाठी धावाधाव चालली, त्याचा उपयोग नाही आणि खोटा दिला तर दंडाची टांगती तलवार.

कापडाचं उलट आहे. सूत आणि कापड हे विभाग 2014 पासून भारतासाठी जीएसपीच्या बाहेर गेले. तयार कपड्यांना मात्र थोडी सवलत राहिली: 12 टक्क्यांच्या जागी 9.6. तीही कापड इथं विणून इथंच शिवलं तर. चिनी कापड आणून भिवंडीत शिवलेला विणलेल्या कापडाचा शर्ट यात बसत नाही. बांगलादेशला अविकसित देश म्हणून आणलेलं कापड फक्त शिवलं तरी शून्य ड्युटी मिळत आली आहे. "ते स्वस्त कसे देतात" याचं निम्मं उत्तर इथं आहे, मजुरीत नाही. व्हिएतनामच्या करारातही कापड व्हिएतनामचं किंवा युरोपचं लागतं, कोरियाच्या कापडाला तेवढी मुभा आहे. भारताचा करार लागू होईल तेव्हा आपल्या कोडसमोर काय अट आहे ते आधी वाचा, टक्के नंतर.

कागदावरची चूक तर फारच क्षुल्लक असते. 6,000 युरोंपेक्षा जास्त किमतीच्या खेपेला जीएसपी हवी तर निर्यातदाराची रेक्स नोंदणी (उगमाचं निवेदन स्वतः देण्यासाठीची) लागते आणि इनव्हॉइसवर ठरलेल्या शब्दांतलं निवेदन. शब्द आपले वापरायचे नाहीत. शेवटी निकषाचं अक्षर येतं: पूर्णपणे इथं पिकलेल्या मालाला 'पी', प्रक्रिया केलेल्याला 'डब्ल्यू' आणि त्यापुढे एचएसचे चार अंक. जुन्या इनव्हॉइसची फाईल कॉपी करून द्राक्षावरचं 'पी' कपड्यावर तसंच राहिलं, तर सवलत अडते आणि बायरचा फोन येतो.

लॅबची यादी म्हणजे युरोपची यादी असं धरणं

नाशिककडच्या जुन्या द्राक्ष निर्यातदारांसमोर 2010 हे साल काढून बघा. त्या हंगामात जर्मनी आणि नेदरलँड्समध्ये कंटेनरमागून कंटेनर अडले, कारण घडांत क्लोरमेक्वाट क्लोराइड, म्हणजे आपलं सीसीसी सापडलं. एप्रिलच्या खरड छाटणीनंतर वाढ आवरून घडनिर्मिती व्हावी म्हणून ते मारलं जायचं. फवारणी उन्हाळ्यात आणि सापडलं पुढच्या वर्षी युरोपच्या दुकानात. लॅबनं मालाला हिरवा कंदील दिला होता, कारण इथल्या तपासणीच्या यादीत त्या वर्षी सीसीसी नव्हतंच. द्राक्षांचा बागेपासून माग ठेवणारं ग्रेपनेट होतं, बागांची नोंदणी होती, पॅकहाऊस मंजूर होती, तरीही.

ज्या औषधाला युरोपनं वेगळी मर्यादा दिलेली नाही, त्याला सरसकट किलोला 0.01 मिलिग्रॅम लागू होते. 13 टनांचा कंटेनर धरला तर सगळ्या मालात मिळून 130 मिलिग्रॅम. चिमूटसुद्धा नाही. म्हणून लॅबला "युरोपसाठी टेस्ट करा" एवढंच सांगू नका. शेतकऱ्याच्या फवारणीच्या वहीत छाटणीपासूनचं प्रत्येक नाव बघा, संजीवकं (वाढ आवरणारी-वाढवणारी औषधं) सुद्धा, आणि ते ते नाव चाचणीत आहे का ते विचारा. वहीत नाही पण शेजारच्या बागेत मारलं, असंही होतं.

शिवाय कायदा पाळला तरी काम संपत नाही. काही सुपरमार्केट साखळ्या कायद्याच्या मर्यादेच्या एक तृतीयांशच मान्य करतात आणि एकूण किती वेगवेगळी औषधं सापडली तेही मोजतात. हे कुठल्याच करारात लिहिलेलं नसतं आणि कुठला मंत्री ते बदलून देऊ शकत नाही. बायरकडून ही अट हंगामाआधी ईमेलवर घ्या, फोनवर नको.

तिळाची गोष्ट याहून विचित्र. साल्मोनेला जंतूंची तक्रार येऊ नये म्हणून इथिलीन ऑक्साइड वायूनं निर्जंतुक केलेला माल जाऊ लागला. युरोपात ते अन्नावर वापरायला बंदी. सप्टेंबर 2020 मध्ये बेल्जियमहून इशारा निघाला आणि तीळ घातलेले पाव, बिस्किटं दुकानांतून परत बोलावली गेली. ऑक्टोबरपासून भारतीय तिळाच्या निम्म्या खेपा तपासायचा आदेश झाला. एका तक्रारीवरचा उपाय ही दुसरी तक्रार ठरली. नवी प्रक्रिया सुरू करताना ती तिकडे चालते का, हा प्रश्न प्लँट लावण्याआधी विचारायचा असतो.

आणि एकाच्या ढिलाईचं बिल सगळ्यांना येतं. 2013 मध्ये भारताच्या 207 खेपांत कीड सापडली, तेव्हा 1 मे 2014 पासून आंबा, अळू, कारली, वांगी आणि पडवळ यांना बंदी झाली. ऐन हापूसच्या हंगामात. सप्टेंबरमध्ये युरोपचे तपासनीस येऊन व्यवस्था बघून गेले आणि जानेवारी 2015 मध्ये आंब्यावरची बंदी उठवायचं ठरलं. ती उठली ती पॅकहाऊसमधली तपासणी आणि फायटो सर्टिफिकेटची (माल कीडमुक्त असल्याच्या दाखल्याची) शिस्त सुधारली म्हणून, निव्वळ भाषणांनी नव्हे.

कार्बनचा हिशेब बायरवर सोडून मोकळं होणं

1 जानेवारी 2026 पासून सीबॅमचा, म्हणजे युरोपच्या सीमेवरच्या कार्बन शुल्काचा, पक्का टप्पा सुरू झाला. पोलाद, ॲल्युमिनियम, सिमेंट, खतं, हायड्रोजन, वीज. कायद्यानं जबाबदारी आयातदाराची, त्यासाठी त्यानं घ्यायच्या कार्बन प्रमाणपत्रांची विक्री फेब्रुवारी 2027 पासून. पण आकडे तुमच्याकडूनच मागणार, आणि नाही दिले तर चढे ठोकताळे लावणार.

इथं दोन गैरसमज दिसतात. पहिला: "माझा माल 50 टनांखाली आहे, मला सूट." ती 50 टनांची मर्यादा आयातदाराच्या वर्षभराच्या एकूण सीबॅम मालाची आहे, तुमच्या खेपेची नाही. तो तुमच्याकडून 5 टन आणि इतरांकडून 60 टन घेत असेल तर तुम्हीही आत आलात. दुसरा: विजेची बिलं गोळा करून पाठवणं. पोलादाच्या मालात सध्या थेट उत्सर्जनच मोजतात, विजेचं नाही. नट-बोल्ट बनवणाऱ्याचं खरं ओझं त्यानं घेतलेल्या वायर रॉडमध्ये असतं, म्हणून आकडा पोलाद गिरणीकडून आणावा लागतो. तो पर्चेस ऑर्डरमध्येच मागा, नंतर कोणी देत नाही. आणि एचएस 7318 चा बोल्ट यंत्राचा भाग म्हणून 84 या यंत्रांच्या प्रकरणात सरकवायची कल्पना कोणी सुचवली तर त्याला नमस्कार करा.

"संवाद" हे मंत्र्यांचं काम समजणं

माझ्या मते सगळ्यात महाग चूक ही. युरोपचा नवा नियम आभाळातून पडत नाही. अन्न, कीड, लेबल, तांत्रिक अटी यांचा मसुदा जागतिक व्यापार संघटनेकडे कळवावा लागतो आणि सूचनांसाठी साधारण 60 दिवस मिळतात. ईपिंग नावाच्या मोफत संकेतस्थळावर आपला एचएस कोड टाकून ठेवला की अशी सूचना ईमेलनं येते. ब्रुसेल्सच्या आयोगाच्या 'हॅव युवर से' पानावर तर जगातल्या कोणालाही मत नोंदवता येतं. आपल्याकडे बरेच जण नियम लागू झाल्यावर निवेदन घेऊन दिल्लीला जातात.

बासमतीतल्या ट्रायसायक्लाझोल या बुरशीनाशकाची मर्यादा किलोला 1 मिलिग्रॅमवरून 0.01 वर येणार, हा नियम जून 2017 मध्ये छापून आला होता, म्हणजे मसुद्यावर बोलायची वेळ संपली होती. अंमल जानेवारी 2018 पासून. उलट, युरोपच्या जंगलतोडीच्या कायद्यावर (जंगल तोडलेल्या जमिनीवरचा माल नाकारणाऱ्या) इंडोनेशिया, मलेशियानं सतत आवाज केला, ब्राझील आणि युरोपातलेच उद्योगही बोलले, आणि मुदत दोनदा पुढे गेली. एकट्यानं लिहायला संकोच वाटत असेल तर संघटनेमार्फत लिहा, पण आकड्यांसह: किती शेतकरी, कुठलं पर्यायी औषध, बदलायला किती हंगाम लागतील. "आमच्यावर अन्याय होतोय" एवढ्यावर कोणी मसुदा बदलत नाही.

आणि तरीही माल अडलाच तर

आधी रिपोर्ट मागा, निरोप नको. त्यावर नमुना क्रमांक, चाचणीची पद्धत, सापडलेला आकडा आणि लागू मर्यादा हवी. युरोपच्या कायद्यात दुसऱ्या तज्ज्ञाचं मत मागायचा हक्क आहे. तो बायरमार्फत लगेच बजावा, कारण रीफरचं (थंड कंटेनरचं) भाडं रोज चढत असतं. पुढचे पर्याय मोजके: प्रक्रिया करून दोष जात असेल तर ती, संघाबाहेर परत पाठवणं, नाहीतर नष्ट करणं. दुसऱ्या बंदरातून हळूच आत घालायचा विचार करू नका. नाकारलेल्या खेपेची नोंद सगळ्या सीमा चौक्यांना दिसते आणि रॅसफ या अन्नातल्या धोक्यांच्या इशाऱ्यांच्या युरोपीय यादीत तुमचा देश, माल आणि दोष कोणालाही वाचता येतो.

ती यादी तुम्हीही वाचा. आपल्या मालाचं नाव टाकून आठवड्यातून एकदा बघितलं की शेजारच्या राज्यातला माल कशात अडतोय ते तुमचा कंटेनर न्हावा-शेवातून सुटायच्या आधी कळतं. ड्युटी आणि उगमाच्या अटींसाठी आयोगाचं 'ॲक्सेस टू मार्केट्स' आहे. एचएस कोड आणि देश टाका, पैसे लागत नाहीत. आणि प्रत्येक लॉटचा सीलबंद नमुना माल विकून पैसे येईपर्यंत राखून ठेवा. रीफर उघडल्यावर वाद झाला तर हातात दाखवायला तेवढंच असतं.