डोंगरातल्या घरासाठी कमी खर्चाचा टीव्ही: निवड कशी करावी

कोकणात आणि सह्याद्रीच्या घाटमाथ्यावर ज्यांचे बालपण गेले, त्यांना छपरावरचा काड्यांचा अँटेना फिरवणारा एक माणूस आणि खालून 'आलं, आलं, गेलं' असे ओरडणारा दुसरा माणूस, हे दृश्य चांगले आठवत असेल. समोर डोंगर असला की पडद्यावर मुंग्या, हे समीकरण तेव्हा पक्के होते. दूरदर्शनचे बहुतेक जुने अ‍ॅनालॉग प्रक्षेपक आता बंद झाले आहेत आणि टीव्हीचा संदेश वरून, उपग्रहाकडून येऊ लागला आहे. तरीही 'आमच्याकडे रेंज नाही, डोंगर आडवा आहे' हे वाक्य कायम आहे, आणि त्याच समजुतीपोटी उंच लोखंडी खांब, महागडी जोडणी किंवा न चालणारे इंटरनेटचे पॅक यांवर पैसे खर्च केले जातात. म्हणून काय घ्यायचे हे ठरवण्यापूर्वी अडथळा खरोखर कोणता आहे, हे तपासणे हिताचे आहे.

जुना अँटेना जमिनीवरच्या मनोऱ्याकडे जवळजवळ आडवा पाहत असे, त्यामुळे दोन मैलांवरची टेकडीही त्याला आड येई. उपग्रहाची छत्री मात्र आकाशाकडे पाहते. प्रसार भारतीची 'डीडी फ्री डिश' ही मोफत सेवा ज्या जीसॅट-१५ या उपग्रहावरून येते, तो विषुववृत्तावर ९३.५ अंश पूर्व रेखांशाच्या डोक्यावर स्थिर आहे. रत्नागिरीहून पाहिले तर तो आग्नेयेला, क्षितिजापासून सुमारे ५९ अंश वर येतो आणि नागपूरहून सुमारे ६० अंश. म्हणजे राज्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत तो आकाशात जवळजवळ सारख्याच उंचीवर आहे. दिशा तेवढी बदलते. फोनमधल्या होकायंत्रावर रत्नागिरीत ती सुमारे १२८ अंश आणि नागपुरात सुमारे १४५ अंश अशी दिसेल.

साठ अंश ही चढण किती उभी असते, याची कल्पना चटकन येत नाही. एखाद्या डोंगराचा माथा तुमच्या छत्रीपेक्षा ३०० फूट उंच असेल, तर तो आग्नेय दिशेला साधारण १८० फुटांच्या आत असेल तरच उपग्रह झाकला जातो. असा कडा घराला खेटून असलेली घरे आहेत, पण फार थोडी. बहुतेक ठिकाणी खरा शत्रू डोंगर नसून परड्यातला माड, फणस किंवा शेजाऱ्याची नवी दुमजली भिंत असते. छत्रीहून ४० फूट उंच असलेला माड त्या दिशेला २४ फुटांच्या आत असला तर आड येतो. त्याच्या पलीकडे असला तर खुशाल डुलू द्यावा. यातून एक गोष्ट आपोआप निघते, ती म्हणजे छत्री उंचावर नेल्याने फारसे काही मिळत नाही. अडथळ्यापासून बाजूला सरकवल्याने मिळते. अंगणातल्या चौथऱ्यावर, विहिरीच्या कठड्याजवळ किंवा गोठ्याच्या भिंतीला लावलेली छत्री कौलांवरच्या छत्रीइतकीच चांगली चालते. शिवाय पावसाळ्यात तिच्यापर्यंत पोचण्यासाठी निसरड्या कौलांवर चढावे लागत नाही.

ही तपासणी घरच्या घरी होते. मुलांच्या कंपासपेटीतला लांबट गुण्या घ्यावा, त्याची आखूड बाजू एखाद्या सपाट कठड्यावर आडवी ठेवावी, काटकोन आग्नेयेकडे करावा आणि साठ अंशांच्या कोपऱ्याला डोळा लावून तिरप्या बाजूच्या रेषेत वर पाहावे. रेषेच्या टोकाला मोकळे आकाश दिसले तर जागा योग्य आहे. गुण्याही नको असेल, तर पंचांगाला न विचारता सूर्यच मदत करतो. मार्चच्या दुसऱ्या आठवड्यात आणि सप्टेंबरच्या अखेरीपासून ऑक्टोबरच्या पहिल्या एक-दोन दिवसांपर्यंत, रत्नागिरीच्या परिसरात सकाळी अकराच्या सुमारास सूर्य बरोबर या उपग्रहाच्या मागे येतो. त्या वेळी ज्या जागेवर ऊन पडते, तेथून उपग्रह दिसतो. ज्या जागेवर सावली असते, तेथून तो दिसत नाही. (याच दिवसांत काही मिनिटे सगळ्या गावाचा टीव्ही जातो, कारण छत्रीत सूर्याचाच गोंगाट शिरतो. त्यासाठी कारागीर बोलावून दोन-तीनशे रुपये घालवू नयेत.)

जागा सापडली की निवडीचा प्रश्न प्रामुख्याने पैशांचा उरतो. फ्री डिशला महिन्याचे शुल्क नाही. छत्री, तिच्या तोंडाशी बसून संदेश पकडणारा एलएनबी, वायर आणि सेट टॉप बॉक्स यांचा एकदाच होणारा खर्च दुकानागणिक बदलतो, पण साधारण १,५०० ते २,००० रुपयांत काम होते. याउलट शुल्काच्या डीटीएच जोडणीला महिन्याला ३०० रुपये जरी धरले, तरी वर्षाचे ३,६०० होतात. दूरसंचार नियामक प्राधिकरणाने २०१९ पासून लागू केलेल्या दरपद्धतीत नुसत्या जोडणीचे मासिक शुल्क १३० रुपये आणि त्यावर १८ टक्के कर, म्हणजे १५३ रुपये ४० पैसे, यापुढे जाणार नाही अशी मर्यादा होती. २०२४ मध्ये ती मर्यादा काढून टाकण्यात आली. म्हणून 'पॅक कितीचा' एवढेच न विचारता जोडणीचे शुल्क, वाहिन्यांचे पैसे आणि कर धरून हातात येणारा आकडा किती, हे विचारावे.

फ्री डिशची खरी उणीव सिग्नलची नाही, कार्यक्रमांची आहे. सह्याद्री वाहिनी आणि दूरदर्शनच्या इतर वाहिन्या तेथे मिळतात. पण झी मराठी, स्टार प्रवाह आणि कलर्स मराठी या शुल्काच्या वाहिन्या आहेत, त्या मोफत सेवेत नसतात. इतर खासगी वाहिन्या लिलावात जागा घेऊन येतात आणि जातात, त्यामुळे गेल्या वर्षी दिसलेली वाहिनी यंदा असेलच असे नाही. घरात आई किंवा सासूबाई संध्याकाळी सात ते दहा ठरलेल्या मालिका पाहत असतील, तर 'फुकट आहे' म्हणून आणलेला बॉक्स महिन्याभरात माळ्यावर जातो आणि ते दोन हजार वाया जातात. उलट बातम्या, जुने चित्रपट, भजन-कीर्तन आणि मुलांचे कार्यक्रम एवढ्यावर ज्यांचे भागते, त्यांनी दरमहा पैसे भरण्याचे काही कारण नाही. हा निर्णय दुकानात घेण्याचा नाही. आठवडाभर घरात नक्की काय पाहिले जाते, हे कागदावर लिहून काढावे. पुष्कळदा दोनशे वाहिन्यांपैकी सहा-सातच पाहिल्या जातात असे दिसते, आणि मग पॅकऐवजी तेवढ्याच वाहिन्या सुट्या घेणे स्वस्त पडते का, याचा हिशेब करता येतो.

शुल्काची जोडणीच घ्यायची असेल, तर कंपन्यांची जाहिरात पाहण्याआधी त्यांच्या उपग्रहाची जागा पाहावी, कारण अडचणीच्या घराला तीच निर्णायक ठरते. टाटा प्लेचा उपग्रह ८३ अंश पूर्वेला आहे आणि कोकणातून तो सुमारे ६७ अंश वर दिसतो. डी२एच ८८ अंशांवर आणि डिश टीव्ही ९५ अंशांवर आहे, म्हणजे दोन्ही फ्री डिशच्या आसपास. एअरटेलचा १०८.२ अंशांवर आहे. तो जास्त पूर्वेकडे झुकलेला आणि जेमतेम ४५ अंश वर असतो. घराच्या पूर्वेला उभा चढ किंवा दाट राई असेल, तर जो उपग्रह आकाशात अधिक वर आहे तो घ्यावा. मोकळ्या माळावरच्या घराला या फरकाने काहीही बिघडत नाही.

आता पाऊस. हा संदेश साधारण ११ ते १२ गिगाहर्ट्झच्या लहरींवर येतो आणि या लहरी पावसाच्या थेंबांत शोषल्या जातात. जुलैतल्या मोठ्या सरीत चित्राचे चौकोन होणे आणि मग पडदा काळा पडणे हा बिघाड नव्हे. उपाय म्हणजे छत्रीचा आकार. ६० सेंटिमीटरऐवजी ९० सेंटिमीटरची छत्री सव्वादोनपट संदेश गोळा करते. सर कोसळत असताना चित्र तिच्यावरही जाईल, पण उशिरा जाईल आणि लवकर परत येईल. कोकण, महाबळेश्वरचा परिसर किंवा गोवा अशा ठिकाणी राहणाऱ्यांनी महागड्या बॉक्सपेक्षा मोठ्या छत्रीवर पैसे घालावेत, असे माझे स्पष्ट मत आहे. मात्र मोठी छत्री वारा अधिक धरते, म्हणून तिचा पाय सिमेंटमध्ये पक्का रोवावा. पत्र्याला किंवा लाकडी वाशाला ती बांधू नये.

बॉक्स घेताना तो एमपेग-४ या नव्या चित्रपद्धतीचा आहे याची खात्री करावी. जुने एमपेग-२ बॉक्स थोडे स्वस्त मिळतात, पण फ्री डिशवरच्या सगळ्या वाहिन्या त्यांवर दिसत नाहीत. घरात जुना पिक्चर ट्यूबचा टीव्ही असेल, तर बॉक्सला मागे लाल, पिवळी आणि पांढरी पिन बसणारी भोके आहेत का ते पाहावे. काही नव्या टीव्हींमध्ये उपग्रहाचा ट्यूनर आतच असतो, आणि मग मोफत वाहिन्यांसाठी बॉक्सही लागत नाही. नवा टीव्ही घेणारच असाल, तर ही सोय दुकानदाराला मुद्दाम विचारून घ्या, कारण तो आपणहून सांगत नाही.

छत्री लावताना तिचा चेहरा साठ अंशांकडे वळलेला दिसत नाही, म्हणून पुष्कळांचा गोंधळ होतो. या छत्र्यांची रचनाच अशी असते की त्या दिसतात त्यापेक्षा वीस-पंचवीस अंश अधिक वर पाहत असतात. बॉक्सवर 'स्ट्रेंथ' आणि 'क्वालिटी' अशा दोन पट्ट्या येतात. पहिली भरलेली आणि दुसरी रिकामी असेल, तर एलएनबी आणि वायर चालू आहेत पण छत्री उपग्रहाकडे नाही, एवढाच त्याचा अर्थ आहे. छत्री बोटभर हलवून दोन सेकंद थांबावे, मग पुन्हा हलवावी. घाई केली तर योग्य जागा निसटून जाते. वायर आरजी-६ जातीची आणि शक्यतो अखंड घ्यावी, कारण प्रत्येक जोड ही पाणी शिरण्याची वाट असते. बाहेरच्या कनेक्टरवर रबरी टेप घट्ट गुंडाळावी आणि घरात शिरण्यापूर्वी वायरला खाली एक झोळ द्यावा, म्हणजे पाणी तेथून ठिबकून जाते. श्रावणात 'रेंज गेली' म्हणून येणाऱ्या तक्रारींपैकी पुष्कळांचे मूळ हिरवट पडलेल्या एका कनेक्टरमध्ये असते. वळवाच्या दिवसांत मात्र गडगडाट सुरू होण्याआधीच वायर बॉक्समधून काढून ठेवावी.

केबल आणि इंटरनेट हे पर्याय थोडक्यात उरतात. केबलला पावसाच्या सरीचा त्रास नाही, पण वाटेतल्या अ‍ॅम्प्लिफायरला वीज लागते. तुमच्या घरी इन्व्हर्टर असला तरी वाडीतली वीज गेली की केबल जाते. इंटरनेटवर एक तास साधा कार्यक्रम पाहिला तरी साधारण १ जीबी डेटा जातो, म्हणजे दिवसाला दीड जीबीच्या रिचार्जमध्ये एक मालिका आणि बातम्या यांपुढे गाडी जात नाही, आणि जेथे फोनवर बोलायलाच अंगणातल्या ठरावीक दगडावर उभे राहावे लागते तेथे हा विचार करूच नये. फायबर दारापर्यंत आले असेल, तर प्रसार भारतीचे २०२४ च्या नोव्हेंबरमध्ये सुरू झालेले 'वेव्ह्ज' अ‍ॅप दूरदर्शनच्या वाहिन्यांसाठी पुरेसे आहे. फायबर नसेल, तर छत्री पानगळ झाल्यावर आणि नवी पालवी फुटण्याआधी लावू नये. ती मेअखेरीस, झाडे भरलेली असताना लावावी, म्हणजे आड येणारी फांदी तेव्हाच दिसते आणि पावसाआधी छाटता येते.