आपल्या गावच्या रेडिओ केंद्राचा इतिहास कसा लिहायचा (पुणे केंद्र धरून सांगते)

उद्घाटनाची तारीख, मंत्र्यांचा फोटो आणि केंद्रसंचालकांची यादी म्हणजे केंद्राचा इतिहास, हे आधी डोक्यातून काढून टाका. ती यादी अर्ध्या तासात होते आणि ती कुणी वाचत नाही. केंद्राचा खरा इतिहास म्हणजे किती वाजता काय लागायचं, ते कधी बदललं, का बदललं आणि ते बदलल्यावर लोकांच्या घरात काय बदललं. आकाशवाणीत या वेळापत्रकाला फिक्स्ड पॉइंट चार्ट म्हणतात, आतली माणसं नुसतं एफपीसी म्हणतात. तुम्हाला पन्नास-साठ वर्षांचा एफपीसी परत जुळवायचाय, एवढंच काम आहे, पण त्याला वर्षभर लागेल हे धरून चाला.

मी पुण्याचं उदाहरण घेते कारण आमच्या घरात सकाळ त्याच केंद्राने व्हायची. सांगली, जळगाव, रत्नागिरी, परभणी, तुमचं जे असेल त्याला हीच पद्धत लावा.

आधी एका कागदावर देशभराच्या मोठ्या तारखा लिहून भिंतीवर चिकटवा, कारण तुमच्या केंद्रावरचे निम्मे बदल दिल्लीहून आलेले असतात. मुंबई केंद्र २३ जुलै १९२७ ला खासगी कंपनीने सुरू केलं, ती कंपनी १९३० मध्ये बुडाली आणि सरकारने ताबा घेतला, १९३६ मध्ये ऑल इंडिया रेडिओ हे नाव आलं. पुणे केंद्र २ ऑक्टोबर १९५३ चं. आता हे वर्ष नीट बघा. १९५२ पासून नभोवाणी मंत्री होते बा. वि. केसकर, त्यांना सिनेसंगीत रेडिओवर नको होतं, म्हणून फिल्मी गाणी जवळजवळ गायब झाली आणि लोक रेडिओ सिलोनकडे वळले, तिथला हिंदी फिल्मी गाण्यांचा कार्यक्रम बिनाका गीतमाला डिसेंबर १९५२ चा. म्हणजे पुणे केंद्र जन्मलं तेच फिल्मी गाण्यांचा दुष्काळ असताना. मग १ एप्रिल १९५५ ला, रामनवमीला, गीतरामायण सुरू झालं. माझं स्पष्ट मत आहे की या दोन गोष्टी एकत्र वाचल्या पाहिजेत. ते लिहिणारे गदिमा आणि चाली देणारे बाबूजी (सुधीर फडके) मोठे होतेच, पण केंद्रालाही तेव्हा स्वतःचं, घरचं गाणं हवं होतं, त्याला जागा होती, वेळ होता. दर आठवड्याला एक नवं गाणं, शुक्रवारी सकाळी, शनिवार-रविवारी परत. वर्षाची बावन्न होणार होती पण अधिक महिना आला म्हणून छप्पन्न झाली. हे असं का घडलं ते एफपीसी सांगतो, नुसतं कौतुक करून कळत नाही.

आता कागद कुठे शोधायचे. पहिली जागा म्हणजे जुनी वर्तमानपत्रं, कारण आजचे आकाशवाणीचे कार्यक्रम असं सदर रोज छापून यायचं. पुण्यात केसरीवाड्यातलं ग्रंथालय, पुणे मराठी ग्रंथालय, विश्रामबागवाड्यातलं शासकीय ग्रंथालय, या ठिकाणी विचारा. सगळे अंक चाळायच्या फंदात पडू नका, दमून सोडून द्याल. दर पाच वर्षांनी एक आठवडा निवडा, कायम तोच, समजा फेब्रुवारीचा दुसरा, आणि त्यातला फक्त बुधवार उतरवून घ्या. रविवार नको, सणाचा दिवस नको, कारण त्या दिवशी खास कार्यक्रम असतात आणि चित्र बिघडतं. एक्सेलमध्ये वर वर्षं, डावीकडे वेळा, मधे कार्यक्रम. दहा रकाने भरले की तुमच्या डोळ्यासमोर केंद्र वयाने वाढताना दिसायला लागतं, शास्त्रीय संगीत कुठे आखडलं, शेतीचा कार्यक्रम सरकून कुठे गेला, जाहिराती कुठून शिरल्या. पुणे केंद्राच्या आधीच्या काळासाठी, म्हणजे मुंबईसाठी वगैरे, इंडियन लिसनर हे आकाशवाणीचंच नियतकालिक बघा, त्याचे बरेच अंक स्कॅन होऊन नेटवर आहेत.

रकान्यात फट दिसली की तिथे थांबा, तिथे गोष्ट असते. पुण्याचं एक सांगते. १९५६ मध्ये युनेस्कोच्या मदतीने या केंद्रावरून शेतकऱ्यांसाठी वेगळाच प्रयोग झाला, पाच जिल्ह्यांतल्या १५० गावांत रेडिओ मंडळं केली, लोक आठवड्यातनं दोनदा एकत्र बसून कार्यक्रम ऐकायचे आणि मग त्यावर आपापसात चर्चा करायचे, निर्णय घ्यायचे. त्याचा अहवाल युनेस्कोने १९५९ मध्ये छापला, आज तो फुकट वाचता येतो. पुढे हीच कल्पना देशभर नेली. पुण्याच्याच ग्रामीण विभागात व्यंकटेश माडगूळकर कितीतरी वर्षं नोकरीला होते, म्हणजे गावाकडची बोली ज्याच्या कानात पक्की बसलेली आहे असा माणूस तिथे होता. तुमच्याही केंद्रात असं कुणीतरी असणार, त्याचं नाव शोधाच.

मग विविध भारती. ३ ऑक्टोबर १९५७ ला ती सुरू झाली, फिल्मी गाणी परत आली. १ नोव्हेंबर १९६७ पासून तिच्यावर जाहिराती आल्या, आणि त्या सगळ्यात आधी मुंबई, पुणे, नागपूर इथे. हा बदल लिहिताना बरेच जण एका वाक्यात उरकतात, तसं करू नका. जाहिरात आली म्हणजे कार्यक्रमाला प्रायोजक आला, वेळ सेकंदात मोजायला लागले, निवेदकाचा आवाजही बदलला. त्या काळातल्या जुन्या दुकानदारांना विचारा, पहिली जाहिरात कुणी दिली, काय दर होता, कोणत्या ओळी होत्या. त्या ओळी लोकांना आजही चालीसकट पाठ असतात!

एक तांत्रिक गोष्ट, इथे खूप लोक फसतात. केंद्र रेडिओवर कुठे लागतं ते जुन्या कागदांवर मीटरमध्ये (लहरीची लांबी) लिहिलेलं असतं, नव्यांवर किलोहर्ट्झमध्ये. ३ लाखाला मीटरने भागलं की किलोहर्ट्झ येतात. पुण्याचं ७९२ किलोहर्ट्झ म्हणजे साधारण ३७९ मीटर. दुसरं म्हणजे नोव्हेंबर १९७८ मध्ये मध्यम लहरींची आंतरराष्ट्रीय मांडणी बदलली, दहाच्या पटीतले आकडे जाऊन नऊच्या पटीतले आले. त्यामुळे त्याआधीच्या कागदावर दोन-चार किलोहर्ट्झचा फरक दिसला तर केंद्र हललं असं लिहून बसू नका. आणि स्टुडिओ वेगळा, ट्रान्समीटर वेगळा, हे विसरू नका. पुण्याचा स्टुडिओ शिवाजीनगरला आणि ट्रान्समीटर हडपसरला, सोलापूर रोडवर आकाशवाणी नावाचा बसस्टॉपच आहे. तुमच्या गावातही बघा, स्टॉपला, चौकाला, कॉलनीला असं नाव राहिलेलं असतं.

आता माणसं. हे सगळ्यात घाईचं काम आहे, कागद थांबतील, माणसं थांबत नाहीत. सगळ्यात वयस्कर माणसाकडे सगळ्यात आधी जा. सगळे निवेदकांकडे धावतात, तुम्ही इंजिनीअर, ड्यूटी रूममधले लोक, टेप लायब्ररी सांभाळणारे, कॅज्युअल अनाउन्सर (म्हणजे हंगामी निवेदक), तबलजी, कँटीनवाले यांच्याकडे जा. आणि प्रश्न असा विचारू नका की अमुक कार्यक्रम कोणत्या साली सुरू झाला, साल कुणालाच आठवत नाही. मी पहिल्या चार मुलाखती अशाच वाया घालवल्या, अजून वाईट वाटतं कारण त्यातले एक गृहस्थ आता नाहीत. विचारा की तो लागायचा तेव्हा घरात काय चाललेलं असायचं. एक आजी मला म्हणाल्या, सकाळी सात पाचच्या प्रादेशिक बातम्या संपायच्या आत डबा भरून झाला पाहिजे, नाहीतर यांची गाडी चुकायची. बातम्या देणाऱ्या सुधा नरवणे यांचा आवाज म्हणजे त्यांच्यासाठी घड्याळ होतं. यातून वेळ कळते, कोण ऐकत होतं ते कळतं, साल नंतर रकान्यातनं लावता येतं.

रेकॉर्डिंग फोनवर चालेल पण पंखा बंद करा, फोन टेबलावर टॉवेल घडी घालून त्यावर ठेवा, आधी एक मिनिट करून ऐका. सुरुवातीला तारीख, गाव आणि परवानगी आहे हे त्यांच्याच तोंडून बोलून घ्या. ऐकलेली दंतकथा दंतकथा म्हणूनच लिहा. गीतरामायणाचं पहिलं गाणं ऐनवेळी हरवलं आणि गदिमांनी परत लिहून दिलं ही गोष्ट पुण्यात दहा जण दहा प्रकारे सांगतात. मी ती अशी सांगतात म्हणून लिहिते, घडली म्हणून नाही.

केंद्राकडून कागद हवे असतील तर आधी साधं पत्र द्या, भेटा, चहा घ्या, बऱ्याच वेळा आतलीच माणसं मदत करतात कारण त्यांनाही याची कळकळ असते. नाही मिळाले तर माहितीचा अधिकार आहे, आकाशवाणी चालवणारी प्रसार भारती ही संस्था केंद्र सरकारच्या अखत्यारीत येते त्यामुळे अर्ज ऑनलाइन करता येतो, फी १० रुपये, उत्तराची मुदत ३० दिवस. का बंद केलं असं विचारू नका, अमुक वर्षाच्या एफपीसीची प्रत द्या असं विचारा, कागदाचं नाव घेतलं की टाळता येत नाही.

अलीकडचा भाग घाईत गुंडाळू नका. २००१ पासून खासगी एफएम आलं, तिथे स्वतःच्या बातम्या द्यायला परवानगी नव्हती, म्हणून स्थानिक बातमीचं वजन आकाशवाणीकडेच राहिलं. जून २०२३ मध्ये पुण्याचा वृत्तविभाग बंद करून छत्रपती संभाजीनगरला न्यायचं ठरलं, तेव्हा केवढा विरोध झाला आणि तो निर्णय थांबवावा लागला. त्या आठवड्यातली कात्रणं, व्हॉट्सॅपवर फिरलेले मेसेज, निवेदनं, सगळं आत्ताच जपून ठेवा, वीस वर्षांनी तेच मिळणार नाही.

शेवटचं, कॅसेटी. केंद्रात टेप पुसून परत वापरायचे, त्यामुळे बरेच कार्यक्रम आता फक्त लोकांनी घरी रेडिओसमोर टेपरेकॉर्डर ठेवून केलेल्या कॅसेटवर उरलेत. अशी कॅसेट मिळाली की लगेच लावू नका. बुरशी आहे का बघा, पांढरे ठिपके दिसले तर जाणकाराकडे द्या, चांगली असेल तर एकदा पूर्ण पुढे-मागे गुंडाळून घ्या आणि मग थेट वायरने कॉम्प्युटरमध्ये डब्ल्यूएव्ही फाइल करा, एमपीथ्री नंतर. मधल्या जाहिराती, खरखर, संकेतधून, वेळ सांगणं काही कापू नका, तारीख लावायला तेच उपयोगी पडतं. नेटवर टाकण्याआधी हक्कांचं विचारून घ्या. आणि कॅसेटच्या आतला कागद फेकू नका, त्याचा दोन्ही बाजूंनी फोटो काढा, कुणीतरी पेन्सिलने कार्यक्रमाचं नाव आणि वार लिहून ठेवलेला असतो.