वकिलांच्या ऑफिसात लिनक्स बसवताना

१४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा मोफत सपोर्ट संपला. जळगाव-धुळ्यात वकिलांच्या, सीएंच्या टेबलावरचे कितीतरी चांगले पीसी विंडोज ११ घेत नाहीत. ते भंगारात काढू नका, विंडोजऐवजी लिनक्स ही मोफत ऑपरेटिंग सिस्टीम बसवा, हे मी प्रत्येक ग्राहकाला तळमळीनं सांगतो.

आधी साहेबांचं नाही, टायपिस्टचं मशीन घ्या. लिनक्स मिंट हा लिनक्सचा एक प्रकार पेनड्राइव्हवर घालून तिथूनच चालू करा. हार्डडिस्कला हात लागत नाही. त्यातूनच प्रिंटर, स्कॅनर तपासा आणि लीगल कागदावर एक पान काढा. पान नीट आलं तर निम्मी लढाई जिंकली.

खरी मेख मराठीची. जुने दावे शिवाजी किंवा कृतिदेव या जुन्या फॉन्टमध्ये असतात. फॉन्ट नसेल तर अगम्य रोमन अक्षरं दिसतात. ते फॉन्ट लिनक्समध्येही बसवा, जुनी फाइल जशीच्या तशी वाचता येते. नवीन मसुदे मात्र युनिकोडमध्येच, म्हणजे कुठल्याही कॉम्प्युटरवर मराठी दिसणाऱ्या पद्धतीत, आणि इनस्क्रिप्ट या मराठी कीबोर्ड मांडणीवर. बोटं वळायला वेळ लागतो. तेवढे दिवस टायपिस्टच्या मागे घाई लावू नका.

लिबरऑफिस हा लिनक्सवरचा वर्डसारखा मोफत प्रोग्राम. त्यात टूल्स, ऑप्शन्स, लोड/सेव्ह, जनरल इथं जाऊन वर्डचा फॉरमॅट कायमचा निवडा, म्हणजे समोरच्या वकिलाला फाइल उघडते.

हिशेबाचं टॅली लिनक्ससाठी बनलेलं नाही. त्यासाठी आणि डिजिटल सहीच्या यूएसबी टोकनसाठी एक विंडोज मशीन राहू द्या. उगाच हट्ट नको. आणि सगळ्याआधी, एक्स्टर्नल डिस्कवर पूर्ण बॅकअप. तो उघडून बघितल्याशिवाय मी इन्स्टॉलचं बटण दाबत नाही.