चिरेखाणीची जमीन घेताय? आधी ‘इतर हक्क’ वाचा

कोकणात जांभ्याची खाण असलेली जमीन घेताना लोक सातबाऱ्यावर फक्त मालकाचं नाव बघतात. त्याच उताऱ्यावर ‘इतर हक्क’ (छापील नाव ‘इतर अधिकार’) हा रकाना आहे, तिथे खाणपट्ट्याची, म्हणजे खाण भाडेपट्ट्याने दिल्याची, नोंद आहे का पाहा. राज्याच्या महाभूमी संकेतस्थळावर डिजिटल सहीचा उतारा 15 रुपयांत मिळतो. नोंदीशेजारचा फेरफार क्रमांक टिपून तो फेरफारही (ती नोंद कशी झाली ते दाखवणारा कागद) काढा. उतारा कोरा दिसला म्हणून निर्धास्त राहू नका; गट नंबर टाकून नोंदणी विभागाच्या ई-सर्च या ऑनलाइन सेवेवर भाडेपट्ट्याचा दस्त शोधा. एक वर्षाहून जास्त मुदतीचा पट्टा नोंदणीकृतच लागतो, नोटरीचा कागद चालत नाही. आणि हो, जमीन नावावर झाली म्हणजे चिरा (जांभा दगड) काढायची मोकळीक मिळाली असं नाही! महसूल संहितेच्या कलम 48 नुसार खनिज सहसा सरकारचंच. परवान्याची चौकशी जिल्हा खनिकर्म अधिकाऱ्याकडे, तीही विसार देण्याआधी.