विहारातल्या मुलांना मिळून काम करायला शिकवायचंय? आधी खेळ घ्या, गोष्ट नंतर

रविवारी वंदना, पंचशील झालं की बरेच ताई-दादा मुलांना बसवून "एकीने राहा रे" सांगतात, मुलं हो म्हणतात आणि बाहेर पडल्यावर चपलांवरून भांडतात. म्हणून माझं ठाम मत आहे की आधी खेळ घ्या, गोष्ट त्यानंतर सांगा.

पहिला खेळ सम्मोदमान जातकावरचा (जातक म्हणजे बुद्धांच्या पूर्वजन्माची गोष्ट). एक जुनी मच्छरदाणी घ्या (चादरीने श्वास कोंडतो, मच्छरदाणीतून आरपार दिसतं), आठ-दहा मुलं जवळजवळ बसवा, वरून ती पसरा. मुलं म्हणजे लावा पक्षी, मच्छरदाणी म्हणजे पारध्याचं जाळं आणि समोरच्या कोपऱ्यात ठेवलेली खुर्ची म्हणजे काटेरी झुडूप. हात न लावता, फक्त डोक्यावर जाळं उचलून सगळ्यांनी खुर्चीपर्यंत चालत जायचं, जाळं तिच्यावर टाकायचं आणि खालून निसटायचं. एक जण जरी पुढे पळाला तरी मागच्याच्या डोक्यावरून जाळं घसरतंच, मग परत पहिल्यापासून. पळायला बंदी ठेवा, नाहीतर छोटे पायात अडकून पडतात. दुसऱ्या डावात दोघांच्या कानात हळूच सांगा की तुम्ही उलट्या दिशेला जा, बघा जाळं तिथेच कसं अडकतं.

आता गोष्ट सांगा. लाव्यांचा पुढारी, म्हणजे बोधिसत्त्व (पूर्वजन्मातले बुद्ध), सगळ्यांना जाळ्याच्या एकेका भोकात डोकं घालून एकदम उडायला सांगतो. पारधी रिकाम्या हाताने घरी जातो, बायको रागावते, तो म्हणतो, भांडतील तेव्हा सापडतील. पुढे चरताना एकाचा पाय दुसऱ्याच्या डोक्यावर पडतो, त्यावरून "जाळं काय तू एकटाच उचलतोस का" इथपर्यंत भांडण जातं. ते ऐकून बोधिसत्त्व आपल्या सोबत्यांना घेऊन निघून जातो आणि मागे राहिलेले सगळे पकडले जातात. मग "कोणाचं चुकलं" विचारू नका, मुलं लगेच एकमेकांकडे बोट दाखवतात. "जाळं कधी जड लागलं?" एवढंच विचारा आणि त्यांना बोलू द्या.

दुसरा खेळ मला सगळ्यात जास्त आवडतो. बुद्धांच्या काळी गोसिंग नावाच्या सालवनात अनुरुद्ध, नंदिय आणि किम्बिल हे त्यांचे तीन भिक्खू दूध आणि पाणी मिसळावं तसे राहायचे. भिक्षेहून जो आधी येई तो आसनं मांडे, पाणी ठेवी, शेवटी येणारा सगळं आवरून झाडून घेई. घडा रिकामा दिसला तर ज्याला दिसेल त्याने भरायचा, एकट्याला जड झाला तर हाताच्या खुणेने दुसऱ्याला बोलवायचं आणि न बोलता दोघांनी उचलायचा. हेच मुलांकडून करून घ्या, नळापासून अर्धी बादली आणून पिंप भरायचं, तोंडातून शब्द नाही, मदत हवी तर फक्त हात हलवायचा. बडबडी मुलं सुरुवातीला हसत सुटतात, हसू द्या, थोड्या वेळाने कोणाला मदत हवीये हे बघायला लागतात.

संगीत खुर्ची घ्यायची तर कोणालाच बाद करू नका. खुर्च्यांऐवजी सतरंजी पसरा, गाणं थांबलं की सगळे तिच्यावर, दर वेळी एक घडी घाला. मोठी मुलं छोट्यांना उचलून घेतात तेव्हा थांबवू नका. बक्षीस ठेवूच नका, बिस्किटचा पुडा द्यायचा असेल तर वाटायचं काम मुलांकडेच द्या. आणि दर रविवारी तोच मोठा मुलगा पुढारी नको, बुजऱ्या मुलीलाही एकदा जाळं उचलायचा इशारा देऊ द्या. मुलं चार-पाचच आली तर मच्छरदाणीऐवजी ओढणी चालते.